चोक तपासला होता

पद्माकर भोगले हा थंड इंजिन सुरू करण्यातला तज्ज्ञ माणूस. थट्टा नाही, त्याच्या कार्डावर जर्मनमध्ये तसं छापलेलंच होतं. जर्मनीत नेकारसुल्मच्या आसपास मोटारींना सुटे भाग पुरवणाऱ्या ज्या कंपन्या आहेत, त्यातल्या एकीत त्याने उमेदीची सगळी वर्षं ‘काल्टस्टार्ट’ विभागात घालवली होती. बाहेर बर्फ पडलेलं असताना इंजिन पहिल्या झटक्यात कसं सुरू व्हावं, या एका प्रश्नाला त्याने आयुष्य वाहिलं होतं. इंजिनाला हात मात्र लावला नव्हता. हात लावायला खाली शेडमध्ये वेगळी माणसं असत. पद्माकर वर काचेच्या खोलीत बसून पडद्यावरचं इंजिन सुरू करी. पडद्यावरचं इंजिन मोठं गुणी असतं, ते कधी रुसत नाही.

पुढे बॅटरीवर चालणाऱ्या गाड्यांचे दिवस आले आणि थंड इंजिनाची काळजी वाहणारी माणसं कंपनीला जड झाली. विभागाची पाटी बदलली. आता पद्माकर हिवाळ्यात बॅटरीला थंडी वाजू नये म्हणून तिला किती ऊब द्यावी याचा अभ्यास करतो. थोडक्यात, बाळंतिणीच्या खोलीतलं काम. पगार तोच, खुर्ची तीच, पण सकाळी गाडी पार्क करताना त्याचा चेहरा पेन्शनीत निघाल्यासारखा दिसायला लागला.

अशा वयात काही पुरुष दाढी वाढवतात, काही मॅरेथॉन पळतात. पद्माकरने जुना ट्रक घेतला. जवळच्याच एका खेड्यातल्या अग्निशमन दलाचा, टोमॅटोसारखा लाल, पेट्रोलवर चालणारा, पद्माकरपेक्षा वयाने थोडा मोठा. कुठल्या कंपनीचा ते सांगण्यात अर्थ नाही, कारण पुढे जे झालं त्यात त्या कंपनीचा काडीचाही दोष नव्हता. “हेरिटेज मोबिलिटी,” असं तो मराठी मंडळात सांगत असे. त्याची बायको अरुंधती एका बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करते आणि शब्दांची उधळपट्टी करत नाही. ती म्हणाली, “खेळणं आहे. पण असू दे, निदान घरात ठेवायचं नाहीये.”

घरात ठेवायचं नव्हतं, म्हणून ट्रक हेर हेबर्ले यांच्या कोठारात गेला. हेर म्हणजे श्रीयुत, आणि हेर हेबर्ले म्हणजे शेजारचे निवृत्त गृहस्थ. शेवग्याच्या शेंगेसारखे उंच, बारीक आणि सरळ. जन्मभर एका गावच्या वाहतूक कचेरीत काढलेला, त्यामुळे निवृत्त झाले ते फक्त खुर्चीतून. कोठार भाड्याने देताना त्यांनी जमिनीवर पांढरी रेघ मारून दिली. ट्रकची डावी बाजू भिंतीला लागून, उजवीकडे त्यांचा कॅरॅव्हॅन, आणि ट्रक रेघेच्या बाहेर बोटभरही येता कामा नये. उघड्या अंगणात इंजिनाला पाना लावायचा नाही, तेल जमिनीत मुरतं. रविवारी इंजिन चालू करायचं नाही, शांतता भंगते. पद्माकर सगळ्याला “या, या, गेनाऊ,” म्हणजे हो, हो, बरोबर, म्हणाला. वीस वर्षांत माणूस एवढं तरी शिकतोच.

आता हा ट्रक त्याने का घेतला, याचं खरं कारण त्याने मंडळाला सांगितलं नव्हतं. अरुंधतीलाही नाही.

पद्माकरचे वडील, आत्माराम भोगले, कोल्हापुरात एका गूळ-व्यापाऱ्याच्या पेट्रोल ट्रकवर ड्रायव्हर होते. लग्न झाल्यावर शैला, म्हणजे पद्माकरची आई, सासरी आली ती त्या ट्रकच्या केबिनमध्ये बसून, हिरवा चुडा सांभाळत. पुढे काही वर्षांनी शेठच्या लक्षात आलं, की आपला ट्रक फार पेट्रोल पितो. दुसरे ट्रक ज्या वाटेने जातात त्याच वाटेने हाही जातो, पण टाकी मात्र निम्म्यातच कोरडी. आत्माराम म्हणाले, इंजिनच पितंय. मिस्त्रीने इंजिन पाहिलं, काही सापडलं नाही. मग राहिलं कोण? ड्रायव्हरच वाटेत पेट्रोल विकतो, असं ठरलं. शेठने पोलिसांत वगैरे दिलं नाही, भला माणूस होता. नुसती चारचौघांत किल्ली काढून घेतली. आत्माराम साखर कारखान्यावर वॉचमन झाले, आणि त्यानंतर त्यांनी कुठल्याही गाडीच्या स्टिअरिंगला हात लावला नाही. पद्माकरने पुण्यात पहिली गाडी घेतली तेव्हा ते मागच्या सीटवर बसले, पाहुण्यासारखे.

इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना पद्माकरने एका दुपारी आकडेमोड करून पाहिली. तेवढं इंजिन, तेवढा माल, तेवढा रस्ता. कुठल्याही धडधाकट इंजिनाला इतकं पेट्रोल पिता येणं शक्य नव्हतं. म्हणजे शेठचं खरं होतं. त्याने कागद फाडून टाकला आणि कुणालाही काही बोलला नाही. फक्त त्या दिवसापासून बाबांना ट्रकबद्दल विचारणं बंद केलं. बाबांनीही का बंद केलंस म्हणून विचारलं नाही. ते गेले तेव्हा पद्माकर जर्मनीत होता, विमान उशिरा पोचलं, हे सगळं रीतसर झालं.

आणि आता हा पेट्रोलचा वास येणारा लाल ट्रक. ज्या बापाने मुलाच्या अंगाला हा वास लागू नये म्हणून त्याला शिकवलं, त्याचा मुलगा खिशातले पैसे मोजून तोच वास विकत घेत होता. अशा माणसाला आपण इंजिनियर म्हणतो.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये आई जर्मनीला आली. गुडघे कामातून गेलेले, विमानतळावर चाकाच्या खुर्चीतून उतरली ती उतरतानाच म्हणाली, “ह्यावेळचं शेवटचं. परत काय मी यायचा नाही इकडं.” कोल्हापूरच्या बायका बोलतात तशी तीही स्वतःबद्दल पुरुषासारखं बोलते, मी येतो, मी जातो. नात उर्जा, वय पंधरा, हिला मराठी सगळं समजतं आणि ती उत्तर जर्मनमध्ये देते. आजी आणि नातीचं त्यामुळे उत्तम जमलं. दोघी एकमेकींना दुरुस्त करायला जात नसत.

आईने ट्रक पाहिला आणि केबिनच्या दारावर हात ठेवला. मग म्हणाली, “पद्मा, एकदा बसव मला ह्यात. लांब नको. त्या द्राक्षाच्या टेकडीवर न्हेऊन आण, बास.”

“बसवतो की. तपासणी होऊ दे.”

तपासणी म्हणजे इथली सरकारमान्य तपासणी. ट्रकचे ब्रेक, दिवे, गंज, सगळं पाहून कागद मिळायला ऑक्टोबर उजाडला. त्यात पद्माकरने काटकसर म्हणून मोसमी नंबरप्लेट घेतलेली, झायझोन-केन्त्झाइशेन. एप्रिल ते ऑक्टोबर गाडी रस्त्यावर, नोव्हेंबर लागला की ती कायद्याने गाडी राहत नाही, लोखंड होते. आईचं परतीचं विमान नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी. म्हणजे आईला फिरवायचं तर ऑक्टोबर संपायच्या आत. पण ट्रक तर ठणठणीत होता, एका झटक्यात सुरू होत होता, आणि कोल्ड स्टार्टचा तज्ज्ञ घरचाच होता. चिंता करायचं कारण काय?

दसऱ्याला ट्रकची पूजा झाली. कोठारात रेघेच्या आत उभं राहून पद्माकरने हार घातला, अरुंधतीने हळदकुंकू लावलं, उर्जाने फोटो काढले. हेर हेबर्ले यांनी झेंडूचा हार दिवे झाकत नाही ना एवढं वाकून पाहिलं. मग आईने पदराआडून लिंबू-मिरच्यांची माळ काढली. तुर्की दुकानातून लिंबू आणि मिरच्या आणून तिने स्वतः ओवलेली.

“हे काय?” पद्माकर म्हणाला.

“पुढं बांधायचं.”

“आई, मी इंजिनियर आहे.”

“मग काय झालं? तुझा बाप ड्रायव्हर होता.”

आता पद्माकरने मंडळाच्या गणपतीत ‘अंधश्रद्धा आणि आपण’ या विषयावर सलग दोन वर्षं भाषण दिलेलं. दुसऱ्या वर्षी तर लोकांनी मागणी केली नसतानाही. त्याला आपल्याच बंपरवर लिंबू लोंबताना दिसायला लागलं आणि घाम फुटला. “पटत नाही मला. आणि इथे गाडीच्या बाहेर असलं काही लटकवलं तर पोलीस थांबवतात. बाबांनी तरी कधी बांधलं होतं का?”

“त्यांनाबी पटत नव्हतं,” आई म्हणाली, आणि माळ परत पदराआड गेली.

शनिवारी आई नवी साडी नेसून, स्वेटर घालून, कपाळाला कुंकू लावून केबिनमध्ये चढली. चढली म्हणजे पद्माकर आणि अरुंधतीने तिला खालून ढकललं. पद्माकरने चोकची मूठ ओढली. ज्यांना चोक माहीत नाही त्यांच्यासाठी सांगायचं तर, थंड इंजिनाला सुरुवातीला पेट्रोल जास्त आणि हवा कमी लागते. म्हणून ड्रायव्हर समोरची मूठ ओढतो, तारेने कार्बुरेटरच्या तोंडावरची पत्र्याची झडप मिटते, इंजिन सुरू होतं. गरम झालं की मूठ आत ढकलायची, झडप उघडते, हवा पुरेशी जाते. मूठ बाहेर राहिली तर इंजिन पेट्रोल ढोसत बसतं आणि काळा धूर ओकतं. एवढंच. यात डॉक्टरेट करण्यासारखं काही नाही, आणि पद्माकरने ती केली होती.

ट्रक झोकात सुरू झाला. पद्माकरने मूठ आत ढकलली. ट्रक अंगणापर्यंत आला, मग त्याच्या पोटात काहीतरी गुरगुरलं, मागून डांबरासारखा धूर निघाला, आणि फाटकाशी येऊन तो मेला. “पापा, डास श्टिंग्ट,” उर्जा नाकाला ओढणी लावून म्हणाली. हेर हेबर्ले यांनी खिडकी लावून घेतली. ट्रक परत कोठारात ढकलायला चार शेजारी लागले. आई केबिनमध्येच बसून राहिली होती. उतरायला पुन्हा ढकलावं लागलं असतं, म्हणून तिने ढकलगाडीचाही आनंद घेतला.

तिथून पद्माकरचा आठवडा सुरू झाला. माणूस पद्धतशीर. आधी मूठ पाहिली. ओढली, बाहेर आली. ढकलली, आत गेली. चोक ठीक. चोक तपासला, विषय संपला. मग त्याने प्लग काढले. ते चुलीतून काढल्यासारखे काळे आणि पेट्रोलने ओले. ओले काळे प्लग म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी, हे पद्माकर झोपेत बडबडला असता. पण चोक तर तपासलेला होता! म्हणजे दोष कुठेतरी खोल, सूक्ष्म, त्याच्या पात्रतेला शोभेल असाच असणार. त्याने नवे प्लग घातले. पेट्रोल बदललं. इथल्या पेट्रोलमध्ये हल्ली मद्यार्क असतो म्हणून सरकारला शिव्या घातल्या. हवेतल्या दमटपणाचा आलेख काढला. रोज ऑफिसातून आला की कोठारात, रोज ट्रक सुरू होई, रोज गरम झाला की काळा धूर, आणि रोज मूठ शहाण्या मुलासारखी आत.

मराठी मंडळाचा ग्रुप अर्थातच धावून आला. न्युरेम्बर्गच्या रुपेशने लिहिलं, “दादा, स्कॅनर लावून एरर कोड वाच ना.” ज्या ट्रकमध्ये वीज म्हणजे फक्त दिवे आणि हॉर्न, त्याला स्कॅनर लावायचा कुठे, हे त्याने लिहिलं नाही. बॉनहून कुणीतरी विचारलं, बंद करून चालू करून पाहिलं का? अरुंधती एवढंच म्हणाली, “एकदा कार्बुरेटरकडे नीट बघ ना. धूर त्याच्यामुळेच येत असेल.”

“आल्झो, कार्बुरेटर डाव्या बाजूला आहे. डावीकडे भिंत आहे. ट्रक बाहेर काढला तर अंगणात पाना लावायला बंदी. रेघ हलवायची तर हेबर्लेंची लेखी परवानगी. आणि गरज काय? चोक मी तपासलाय.”

“मूठ तपासलीस.”

“मूठ आणि चोक एकच असतं, अरुंधती!”

अरुंधतीने मान हलवली आणि कपडे वाळत घालायला गेली. वादात जिंकायची तिला घाई नसते.

आईने तिच्या परीने मदत केली. “तुझे बाबा चाकाला लाथ घालायचे,” ती म्हणाली. पद्माकरने, कुणी बघत नाही असं पाहून, तीही घालून पाहिली. अंगठा सुजला.

बाकी वेळ आई हेर हेबर्ले यांच्याबरोबर बाकावर ऊन खात बसलेली असे. ती त्यांना चकल्या देई, ते तिला सफरचंदं देत. ती मराठीत बोले, ते श्वाबियन जर्मनमध्ये. ती गुडघा दाखवी, ते कंबर दाखवत. पद्माकरला त्या दोघांचं कौतुक वाटे, म्हाताऱ्या माणसांना काय लागतं, नुसती सोबत. त्यांच्यात काही ठोस कामकाज होत असेल, अशी शंकाही त्याला आली नाही.

मग महिन्याचा शेवटचा दिवस आला, नेमका शनिवार. रविवारपासून ट्रक लोखंड. पद्माकर सकाळपासून कोठारात होता आणि त्याचा सगळा शास्त्रीय दृष्टिकोन आता घामाबरोबर शर्टातून बाहेर आला होता. जेवायला आला नाही. अरुंधतीने डबा आणून दिला तो तसाच. आई मात्र तयार होऊन बाकावर बसली होती, तीच साडी, तोच स्वेटर, हातात पिशवी. तिने एकदाही विचारलं नाही, झालं का रे. तिने विचारलं असतं तर पद्माकरला चिडता तरी आलं असतं. आपली आई एवढंसं काही मागते, आयुष्यात पहिल्यांदा मागते, आणि आपल्याला तेवढंही देता येत नाही, याची त्याला आता शरम वाटत होती, आणि ती तो ट्रकवर काढत होता.

दुपार कलली तेव्हा हेर हेबर्ले कोठारात आले. हातात कात्री, प्लॅस्टिकची एक बांधायची पट्टी, आणि कागदात गुंडाळलेलं काहीतरी. त्यांनी पद्माकरला रीतसर नमस्कार केला, श्वास आत ओढला, आणि ट्रक अन् भिंत यांच्यामधल्या फटीत सरकले. पद्माकर पोटामुळे जिथे खांदाही घालू शकला नव्हता, तिथे ते कपाटातल्या फाइलीसारखे आत गेले. बॉनेटची डावी बाजू उचलल्याचा आवाज आला.

“हेर हेबर्ले! काय करताय?”

“बदलतोय,” ते आतून जर्मनमध्ये म्हणाले. “आज शनिवार.”

“काय बदलताय?”

हेर हेबर्ले यांनी फटीतून हात बाहेर काढून कागद उघडून दाखवला. ताजं पिवळं लिंबू आणि हिरव्यागार मिरच्या, दोऱ्यात ओवलेल्या. “हे दर शनिवारी बदलायचं असतं. तुमच्या आईंनी मला हातवारे करून समजावून सांगितलंय. बाहेर लावणं नियमात बसत नाही, ते मीच त्यांना सांगितलं. आत लावायला हरकत नाही, तसा कुठलाही नियम नाही. म्हणून दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आत लावलं. गेल्या शनिवारी धुरामुळे बदलायचं राहिलं. घट्ट लावलंय, काळजी नको.”

पद्माकर कॅरॅव्हॅनच्या बाजूने बॉनेटवर पालथा पडला, मान वाकडी करून, मोबाइलचा दिवा पेटवून पलीकडे पाहू लागला. कार्बुरेटरच्या पाठीमागे, चोकची झडप फिरवणाऱ्या दांड्याला, प्लॅस्टिकच्या पट्टीने जर्मन निष्ठेने आवळलेलं एक सुकलेलं लिंबू होतं. काळ्या पडलेल्या मिरच्या त्या दांड्याच्या सांध्यात चेंगरल्या होत्या. दांडा अर्ध्यावर अडला होता, झडप अर्धी मिटलेली. मूठ आत ढकलली की झडप हलतच नव्हती, नुसती तार वाकत होती. म्हणजे आठवडाभर ट्रक घशात लिंबू अडकवून पळायचा प्रयत्न करत होता, आणि थंड इंजिनाचे डॉक्टर त्याचे दात मोजत होते.

“इथे?” पद्माकर ओरडला. “एवढ्या मोठ्या ट्रकमध्ये बांधायला हीच जागा सापडली? कुणी सांगितलं इथे बांधायला?”

हेर हेबर्ले यांनी शांतपणे दाराकडे बोट दाखवलं. आई पिशवी घेऊन दारात उभी होती.

पद्माकर वळला. त्याच्या तोंडात ‘अंधश्रद्धा आणि आपण’ हे पूर्ण भाषण तयार होतं, यंदा तर उदाहरणासकट. “आई, हे—”

“रागवू नको,” आई म्हणाली. “तू नको म्हणालास म्हणून त्यांना सांगितलं. तिथंच बांधायचं असतंय, दिसत नाही कुणाला. तुझ्या बाबांच्या ट्रकला मी तिथंच बांधत होतो. दर शनिवारी, ते आंघोळीला गेले की. त्यांना पटत नव्हतं ना. मिस्त्रीकडं ट्रक जायचा असला की आधी मी काढून ठेवत होतो, उगीच हसतील म्हणून. शेवटपर्यंत त्यांना कळलं नाही.”

पद्माकरचं भाषण कुठे गेलं कळलं नाही. त्याच्या डोळ्यांपुढे ती तिसऱ्या वर्षातली दुपार आली, तो फाडलेला कागद. तेवढं इंजिन, तेवढा माल, तेवढा रस्ता. धडधाकट इंजिनाला इतकं पेट्रोल पिता येत नाही, हे गणित बरोबरच होतं. पण ते इंजिन धडधाकट नव्हतंच. त्याचीही झडप दर शनिवारी नव्याने थोडी मिटली जात होती, आणि मिस्त्री येण्याआधी मोकळी होत होती. इंजिनच पितंय, असं बाबा म्हणाले होते. एवढं एकच वाक्य ते म्हणाले होते, आणि कुणीही त्यावर विश्वास ठेवला नव्हता. इंजिनियर मुलानेही नाही.

“काय झालं रे?” आई म्हणाली. “बिघडलं काय त्यानं?”

“काही नाही,” पद्माकर म्हणाला. “हेर हेबर्ले, कात्री द्या जरा. नाही, तुम्हीच कापा. ती पट्टी. हो, सगळं काढा.”

खट्ट आवाज झाला आणि झडप स्वतःच्या स्प्रिंगने उघडली. पद्माकर केबिनमध्ये चढला, मूठ ओढली, ट्रक सुरू झाला. तो इंजिन गरम होईपर्यंत हात मुठीवर ठेवून बसून राहिला. मग मूठ आत ढकलली. इंजिन हुश्श करून शांत, एकसारखं चालू लागलं. धूर नाही. आवाज ऐकून घरातून अरुंधती धावत आली, मागून उर्जा मोबाइल घेऊन. “लोइफ्ट!” उर्जा ओरडली आणि टाळ्या वाजवायला लागली.

हेर हेबर्ले ताजं लिंबू हातात धरून उभे होते. आता कुठे लावायचं, याचं त्यांच्याकडे मार्गदर्शन नव्हतं. पद्माकर खाली उतरला, त्यांच्या हातातून माळ घेतली, आणि ट्रकच्या पुढे जाऊन बंपरच्या मधोमध, नंबरप्लेटच्या शेजारी, सगळ्या मंडळाला दिसेल अशी, दोन गाठी मारून बांधली.

“हेर भोगले, हे नियमात—” हेबर्ले सुरू झाले. मग त्यांनी आईकडे पाहिलं, मग द्राक्षवेलींच्या टेकडीकडे. “नंबरप्लेट तशीही आज संपतेय,” ते म्हणाले, आणि काहीतरी विसरल्यासारखे घरात निघून गेले.

अरुंधती आणि उर्जाने आजीला खालून ढकललं. ट्रक फाटकाबाहेर पडला. टेकडीचा रस्ता चढताना दोन्ही बाजूंना द्राक्षाची पानं पिवळी पडलेली, काढणी केव्हाच झालेली. वाटेत फिरायला निघालेली माणसं ट्रकला हात करत होती, आणि आई प्रत्येकाला उलटा हात करत होती, निवडून आल्यासारखी. इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून ती त्याला तिच्या लग्नातली वरात सांगत होती, कुठल्या घाटात गूळ ओला झाला, कुठे चहा प्यायलो. पद्माकर हो, हो करत होता.

टेकडीच्या माथ्यावर त्याने ट्रक थांबवला. इंजिन बंद केलं नाही. खाली नदी आणि कारखान्यांची छपरं दिसत होती. आई हळूच म्हणाली,

“पद्मा, त्या लिंबानंच बिघडलं होतं ना हे?”

“हो.”

“मग त्यांच्या ट्रकचंबी…” ती थांबली. हातातली पिशवी तिने पोटाशी धरली. “शेठ म्हणायचा फार पेट्रोल पितंय. मीच बांधलेल्या लिंबानं व्हय रे?”

पद्माकरने समोरच्या काचेतून खाली पाहिलं. आयुष्यात त्याने तांत्रिक बाबतीत कधी खोटं सांगितलं नव्हतं, हा त्याचा एक माज होता, आणि तो अगदीच खोटा माज नव्हता.

“नाही गं. त्या ट्रकचा कार्बुरेटर दुसऱ्या बाजूला होता. तू बांधायचीस तिथे नुसता दांडा असायचा, कशाचा काही संबंध नाही त्याचा.”

“नक्की?”

“आई, मी इंजिनियर आहे.”

आईने मोठा श्वास सोडला. पिशवी मांडीवर ठेवली, तिच्यातून एक चकली काढून अर्धी मोडून त्याला दिली. त्याने ती डॅशबोर्डवर ठेवली.

“आई, बाबांनी पेट्रोल विकलं नव्हतं.”

“ते मला तेव्हापासून माहीत आहे,” आई म्हणाली. तिने त्याच्याकडे वळून पाहिलं, नीट, लहानपणी ताप आल्यावर पाहायची तसं. “तुला आज कसं कळलं?”

चोकची मूठ आत होतीच, तरी पद्माकरने ती आणखी एकदा आत ढकलली.